तबकड्यांची होळी

गेल्या महिन्यांत आमच्या महाविद्यालयांतील एका विद्यार्थिमंडळानें पाश्चात्य लोकप्रिय संगीताच्या एका कार्यक्रमासाठीं गाण्यांची यादी केली. विषय होता इसवी सन १९७० ते १९८० या दशकांतील आवडतीं गाणीं. यादी करण्याचें काम अर्थातच विद्यार्थ्यांच्या हातीं राहिलें नाहीं. आमच्या कांहीं प्राध्यापकबंधूंनीं तिच्यावर संस्कार केले. आणि सर्व संस्कार होऊन ती जेव्हां आमच्याकडे सहीसाठीं आली, तेव्हां तींत रॉकचीं अठरा गाणीं होतीं व डिस्कोचें एकही नव्हतें. तळाशीं बारीक अक्षरांत एक टीप होती: ‘निव्वळ नाचाचीं गाणीं वगळलीं आहेत.’

आम्हीं सही केली नाहीं. बंधूंनीं कारण विचारलें, आणि तें आम्ही तोंडीं सांगूं लागतांच त्यांच्या मुद्रेवर जें स्मित उमटलें तें पाहून, हें कारण लिहूनच दिलेलें बरें असें आम्हांस वाटलें. तें स्मित आमच्या ओळखीचें आहे. तमाशाचें नांव काढलें असतां आमच्या वडिलांच्या पिढींतील सभ्य गृहस्थांच्या मुखावर जें येई तेंच तें; फक्त त्याचा विषय आतां समुद्रापलीकडे गेला आहे, इतकेंच. या स्मिताच्या मुळाशीं असलेल्या मताला शब्द द्यावयाचे झाल्यास ते असे होतील: सत्तरच्या दशकांत रॉक हें संगीत होतें आणि डिस्को हा व्यापार होता, रॉक बुद्धीसाठीं होतें, डिस्को पायांसाठीं, रॉक माणसांनीं वाजविलें, डिस्को यंत्रांनीं, आणि म्हणूनच काळानें एक ठेवलें व दुसरें टाकून दिलें. या मतांतील एकही विधान परीक्षेला उतरत नाहीं, आणि शेवटचें तर मुळींच उतरत नाहीं. कारण डिस्को काळानें टाकलें नाहीं. तें माणसांनीं जाळलें. आणि कोणत्या गांवीं व कोणत्या दिवशीं जाळलें, हें नमूद आहे.

१२ जुलै १९७९ रोजीं शिकागो शहरांत कॉमिस्की पार्क नांवाच्या बेसबॉलच्या मैदानावर व्हाइट सॉक्स आणि डेट्रॉइट टायगर्स या दोन संघांचे लागोपाठ दोन सामने व्हावयाचे होते. स्टीव्ह डाल नांवाच्या नभोवाणी-निवेदकाच्या कल्पनेवरून अशी दवंडी पिटण्यांत आली होती कीं, जो कोणी घरची डिस्कोची एक तबकडी घेऊन येईल त्यास ९८ सेंटांत प्रवेश मिळेल. आंत सुमारें पन्नास हजार माणसें मावलीं. बाहेर आणखी हजारों राहिलीं. पहिला सामना संपल्यावर जमलेल्या तबकड्यांचा पेटारा मैदानाच्या मध्यभागीं ठेवून तो दारूगोळ्यानें उडविण्यांत आला. त्यासरशीं हजारों प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानांत घुसले. हिरवळ जळाली, खेळाचीं साधनें उपटलीं गेलीं, पोलिसांस बोलवावें लागलें, आणि दुसरा सामना न खेळतांच डेट्रॉइटच्या पदरांत पडला. संगीतावरील वादविवादाचा निकाल बेसबॉलच्या मैदानावर लागल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

डाल याची पूर्वीची नोकरी १९७८च्या अखेरीस गेली होती. कारण तो ज्या केंद्रावर बोलत असे त्या केंद्रानें रॉक सोडून डिस्को वाजविण्याचें ठरविलें होतें. त्यास राग यावा हें मनुष्यस्वभावास धरून आहे. आपला हा सगळा प्रकार केवळ थट्टेचा होता, त्यांत वर्णद्वेष नव्हता, असें तो नेहमींच सांगत आला आहे. आणि त्याच्यापुरतें त्याचें म्हणणें आम्ही खरें मानावयास तयार आहों. परंतु त्या रात्रीं त्याच मैदानावर प्रेक्षकांस जागा दाखविण्याच्या कामावर विन्स लॉरेन्स नांवाचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्यानें पुढें सांगून ठेविलें आहे कीं, लोकांनीं आणलेल्या तबकड्यांत डिस्कोच्याच तबकड्या होत्या असें नाहीं. मार्व्हिन गे, स्टीव्ही वंडर अशा गायकांच्याही होत्या. यांपैकीं डिस्कोचा गायक कोण? कोणीही नाहीं. त्यांच्यांत समान धर्म एकच, आणि तो त्यांच्या संगीतांत नसून त्यांच्या कातडीच्या रंगांत होता. होळी पेटविणाराच्या मनांत काय होतें हा प्रश्न म्हणूनच आम्हांस गौण वाटतो. लाकडें आणणारांस काय जाळावयाचें हें बरोबर समजलें होतें.

आणि हें ‘लोक कंटाळले होते’ म्हणून झालें, असेंही कोणी समजूं नये. होळीच्याच आठवड्यांत अमेरिकेंतील खपाच्या यादींत डोना समरचें ‘बॅड गर्ल्स’ पहिल्या क्रमांकावर चढलें व पांच आठवडे तेथून हललें नाहीं. त्याच्या मागोमाग ऑगस्टांत चिक या वाद्यवृंदाचें ‘गुड टाइम्स’ त्या स्थानीं आलें. कंटाळलेले लोक असें करीत नाहींत. कंटाळले होते ते, किंवा भ्याले होते ते, नभोवाणी केंद्रांचे चालक आणि ध्वनिमुद्रिका काढणारे व्यापारी. त्यांनीं त्या रात्रीचा धूर पाहिला आणि वर्ष-दोन वर्षांत ‘डिस्को’ हा शब्दच आपल्या दुकानांतून काढून टाकला. तोच माल त्यांनीं पुढें ‘डान्स’ या नांवानें विकला. व्यापार म्हणून ज्याची निंदा होते त्या संगीताला व्यापाऱ्यांनींच सर्वांत आधीं सोडलें, ही गोष्ट आमच्या बंधूंनीं ध्यानांत घ्यावी.

आतां हें संगीत कोणाचें होतें, याविषयीं दोन शब्द. अमुक गाणें कोठें जन्मलें हें माहीत नसतां त्याला हीन म्हणणें सोपें जातें. न्यूयॉर्क शहरांत १९७० सालीं डेव्हिड मॅन्क्युसो नांवाच्या मनुष्यानें आपल्या राहत्या माळ्यावर मित्रमंडळींस नाचावयास बोलावण्यास प्रारंभ केला. तेथें मद्य विकलें जात नसे. प्रवेश आमंत्रणानें असे. आणि येणारांत कृष्णवर्णीय, स्पॅनिश भाषा बोलणारे, आणि ज्यांस इतरत्र उघडपणें एकमेकांचा हात धरण्याची सोय नव्हती असे समलिंगी तरुण यांचा भरणा असे. अशा अनेक जागांतून तें संगीत वाढलें. त्याचा ठेका मात्र फिलाडेल्फिया शहरांतला. तेथील अर्ल यंग या तालवादकानें १९७३च्या सुमारास पायाच्या ढोलाचा ठोका प्रत्येक मात्रेवर समान द्यावयास, आणि दोन ठोक्यांच्या मधोमध झांजेची जोडी किंचित् उघडून मिटावयास सुरुवात केली. ऐकणारास तो ठेका किती सोपा वाटतो! पण चारही मात्रांस समान मान देऊन गाणें एकसुरी होऊं न देणें किती अवघड असतें, हें भजनी मंडळांत ज्यानें एक रात्र टाळ धरला आहे त्यास सांगावें लागणार नाहीं. पायांसाठीं असलेलें संगीत हें बुद्धीसाठीं असूं शकत नाहीं, हा आक्षेप इंग्रजी प्राध्यापकानें घ्यावा हें आम्ही समजूं शकतों. वारकऱ्यांची पावली पाहिलेल्या मराठी मनुष्यानें तो घ्यावा, हें समजत नाहीं.

येथें आमच्याच एका अपराधाची हकीकत सांगणें आम्हांस भाग आहे. कारण ज्या मताचा आम्ही समाचार घेत आहों तें मत एके काळीं आमचेंच होतें.

१९८८च्या सुमारास आम्ही पुण्यांतील एका वसतिगृहांत राहत होतों. इंग्रजी हा आमचा खास विषय; आणि त्या विषयाबरोबर जी आढ्यता त्या काळीं फुकट मिळे तीही आमच्याजवळ भरपूर होती. आमच्या खोलींत पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ची कॅसेट अहोरात्र वाजे. खालच्या मजल्यावर खानदेशांतून आलेला पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी होता. त्याचें इंग्रजी बेताचें, आवाज मात्र स्वच्छ. एके सायंकाळीं तो शंभर पानी वही घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, “दादा, एवढे शब्द तपासून द्याल का? मला गॅदरिंगला म्हणायचं आहे.” वहींत ग्लोरिया गेनॉर या गायिकेचें ‘आय विल सर्व्हाइव्ह’ हें सबंध गाणें त्यानें कॅसेटवरून ऐकून ऐकून देवनागरींत उतरून घेतलें होतें. जागोजागीं शब्द चुकले होते. आम्हीं वही ठेवून घेतली, आणि रात्रीं जेवणाच्या वेळीं सर्वांदेखत ती त्याच्याच उच्चारांत वाचून दाखविली. हशा पुष्कळ झाला. तो ताट तसेंच ठेवून निघून गेला. पुढच्या सत्रांत वसतिगृह सोडून गेला. गॅदरिंगला गाण्याचा प्रश्नच राहिला नाहीं. वही आमच्याकडेच राहिली.

ती वही कैक वर्षांनीं आम्हीं पुन्हां उघडली, तेव्हां जी गोष्ट त्या रात्रीं आमच्या दृष्टीस पडली नव्हती ती पडली. गाण्याच्या आरंभींच्या कांहीं ओळींनंतर त्यानें शिसपेन्सिलीनें एक आडवी रेघ ओढली होती व बाजूस लिहिलें होतें: ‘येथून ठेका.’ ज्यानें तें गाणें ऐकलें आहे तो सांगेल कीं, त्याचें सर्व मर्म त्या रेघेंत आहे. प्रारंभीं पियानोवर एक लाट खालीं येते, आणि पुढें कांहीं वेळ ठेका नसतो; टाकून दिलेली एक स्त्री आपल्या भीतीविषयीं बोलत असते, आणि तिच्या शब्दांस कोठेंच आधार नसतो. मग ठेका येतो, आणि तो शेवटपर्यंत जात नाहीं. तिचा धीर शब्दांत येण्याआधीं तालांत येतो. आम्हीं त्याच्या वहींतील शब्दांच्या चुका मोजल्या. गाणें त्याला समजलें होतें, आम्हांला नव्हतें.

आणि आमच्या खोलींत तेव्हां काय वाजत होतें? ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग, शाळामास्तरांच्या जुलुमाविरुद्ध लंडनच्या मुलांनीं एकसुरांत म्हटलेलें, रॉकच्या बंडखोरपणाचें जणूं निशाण समजलें जाणारें गाणें. तें आमच्या बंधूंच्या यादींतही आहे, व तिसऱ्या क्रमांकावर आहे. त्या गाण्याखालीं जो ठेका चालतो तो डिस्कोचा आहे. हें आमचें अनुमान नव्हे. निर्माता बॉब एझ्रिन यानें तो ठेका आग्रहानें घालावयास लावला, आणि चिकचें वादन ऐकून त्यास ही कल्पना सुचली, हें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. गाणें आलें १९७९च्या नोव्हेंबरांत, म्हणजे कॉमिस्कीची राख निवाल्यावर चारच महिन्यांनीं. आणि १९८०च्या वसंतांत अमेरिकेच्या यादींत तें चार आठवडे पहिलें राहिलें. तबकड्या जाळणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तें विकत घेतलें असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाहीं.

आमच्या बंधूंची यादी या दृष्टीनें आम्हीं पुन्हां तपासली, आणि आमची चांगलीच करमणूक झाली. रोलिंग स्टोन्सचें ‘मिस यू’ तींत आहे. १९७८च्या त्या गाण्यांतील ढोल न्यूयॉर्कच्या नाचघरांतून सरळ उचललेला आहे. ब्लाँडीचें ‘हार्ट ऑफ ग्लास’ आहे. तें तर उघड उघड डिस्को. क्वीनचें ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आहे. या गाण्यापुढें कोणी महाराष्ट्राभिमानानें टीप जोडली आहे कीं, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पांचगणीच्या शाळेंत शिकला. तें खरें आहे, व त्याचा अभिमान आम्हांसही आहे; परंतु तें गाणें रचलें जॉन डीकन यानें, आणि त्याची खर्जांतील चाल चिकच्या ‘गुड टाइम्स’वरून स्फुरलेली आहे, ही टीप कोणीं जोडली नाहीं. याचा अर्थ असा होतो कीं, गोऱ्या पुरुषांनीं गिटार गळ्यांत अडकवून डिस्को वाजविलें म्हणजे तें रॉक होतें व बुद्धीस जातें. आणि ज्यांचें तें मुळांत होतें त्यांनीं वाजविलें म्हणजे तें निव्वळ पायांत उतरतें. उलट बाजूचा दाखलाही आहे. डोना समरच्या १९७९च्या ‘हॉट स्टफ’मधील गिटार स्टीली डॅन व डूबी ब्रदर्स या रॉकच्या नामांकित मंडळ्यांतील जेफ बॅक्स्टर यानें वाजविली, आणि रॉक गाणाऱ्या स्त्रीसाठीं ग्रॅमीचें पारितोषिक जेव्हां पहिल्यानेंच ठेवण्यांत आलें तेव्हां तें याच गाण्याला मिळालें. त्याच १९८० सालच्या समारंभांत सर्वोत्कृष्ट डिस्को-ध्वनिमुद्रणाचेंही एक पारितोषिक ‘आय विल सर्व्हाइव्ह’ला देण्यांत आलें. तें पहिलें आणि तेंच शेवटचें. पुढच्या वर्षीं तो वर्गच रद्द झाला.

यंत्राचा आक्षेप आम्ही थोडक्यांत घेतों, कारण तो घेणारांनीं तीं गाणीं लक्षपूर्वक ऐकलेलीं नसतात. यंत्रमय म्हणून ज्याकडे बोट दाखविलें जातें तें डोना समरचें १९७७चें ‘आय फील लव्ह’ म्युनिकमध्यें जॉर्जिओ मोरोडर व पीट बेलॉट यांनीं मूग नांवाच्या विद्युत्-यंत्रावर रचलें. परंतु त्या यंत्राच्या ढोलाच्या आवाजांत दम नव्हता म्हणून पायाचा ढोल कीथ फोर्सी या माणसाकडूनच वाजवून घ्यावा लागला. आणि त्या सर्व निर्विकार स्पंदनाच्या वर जो आवाज तरंगतो तो तर बाईचाच आहे. उलट, जिवंत वाद्यवृंदाचें म्हणून जें मानलें जातें तें बी जीजचें ‘स्टेइंग अलाइव्ह’! फ्रान्समधील एका जुन्या वाड्यांत ध्वनिमुद्रण चाललें असतां त्यांच्या ढोलवादकास घरच्या अडचणीमुळें जावें लागलें; तेव्हां दुसऱ्या एका गाण्यांतील दोन आवर्तनांची फीत कापून, तिचीं टोकें जोडून, तीच पुनःपुन्हां फिरविण्यांत आली. वर मंडळींनीं त्या फितीला माणसाचें नांव देऊन वादकांच्या यादींत बसविलें! तो ठेका मिनिटाला शंभराहून थोडा अधिक पडतो. आणि बंद पडलेलें हृदय दाबून चालू करण्याची गति तीच असल्यामुळें, प्रथमोपचार शिकविणारे हें गाणें मनांत म्हणावयास सांगतात.

व्यापाराविषयीं काय बोलावें? ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’चा संच १९७८ सालीं अमेरिकेंत सलग चोवीस आठवडे पहिला राहिला, हें खरें. ‘द वॉल’ काय धर्मार्थ वाटण्यांत आला होता? लोकप्रिय संगीत विकलें जातें. न विकलें गेलेलें लोकप्रिय संगीत हा वदतो व्याघात आहे.

अर्थशून्यतेचा आक्षेप मात्र आम्ही इतक्या सहज सोडणार नाहीं. ‘गुड टाइम्स’ हें गाणें घ्या. नाइल रॉजर्स व बर्नर्ड एडवर्ड्स या दोघां कृष्णवर्णीय तरुणांनीं तें १९७९ सालीं रचलें, तेव्हां अमेरिकेंत महागाई शेंकडा अकराच्या वर गेलेली होती आणि पेट्रोलसाठीं मोटारींच्या रांगा लागत होत्या. अशा उन्हाळ्यांत ‘सुखाचे दिवस’ म्हणून गाणें रचणारा एक तर मूर्ख असला पाहिजे, नाहीं तर त्याच्या बोलण्यांत कांहीं खोंच असली पाहिजे. रॉजर्सनें त्या गाण्याच्या शब्दांत १९३०च्या मंदीच्या काळांतील गाण्यांच्या छाया मुद्दाम आणल्या आहेत. पोटांत अन्न नसतांना लोक जीं गाणीं म्हणत नाचले त्यांची आठवण, पुन्हां तेच दिवस आले असतां नाचणारांस करून द्यावयाची, आणि तीही त्यांचा पाय थांबूं न देतां! आमच्या बंधूंच्या यादींतील किती ‘गंभीर’ गाण्यांस असा डाव साधला आहे? आणि एडवर्ड्सचा खर्ज! तो नुसता मात्रा मोजीत नाहीं. तो प्रथम तीन वेळां एकाच स्वरावर पाय रोवतो, मग पायरी पायरीनें चालूं लागतो, मध्येंच थबकतो. आणि ती रिकामी जागा ऐकणाराच्या अंगांत भरून निघते. त्याच वर्षीं न्यू जर्सींतील तीन तरुणांनीं त्या खर्जावर ‘रॅपर्स डिलाइट’ म्हटलें, आणि रॅप हा प्रकार घरोघर पोंचला. पुढें डेव्हिड बोवीला १९८३त आणि मॅडोनाला १९८४त रॉजर्सकडेच जावें लागलें. ज्याला काळानें टाकून दिलें म्हणतात तें हेंच काय?

डिस्कोंत वाईट कांहींच नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. वाईट पुष्कळच होतें. १९७६ सालीं बदकाच्या आवाजांत गायिलेलें एक डिस्को-गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें होतें. १९७९त एथेल मर्मन या एकाहत्तर वर्षांच्या नाट्यगायिकेनें आपलीं जुनीं पदें त्या ठेक्यावर पुन्हां म्हटलीं, तीं आम्हीं ऐकलीं आहेत व पुन्हां ऐकणार नाहीं. न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ या नाचघराच्या दारांत श्रीमंती व रूप पाहून माणसें निवडण्याची जी रीति होती ती तर मॅन्क्युसोच्या माळ्याचा धडधडीत विश्वासघात होता. चिकच्याच दोघांना १९७७च्या शेवटच्या रात्रीं ग्रेस जोन्सचें आमंत्रण असतांही त्या दारावरून परत जावें लागलें. घरीं जाऊन त्यांनीं द्वारपालास शिव्या घालीत जें वाजविलें त्यांतून, शिवी सौम्य करून, ‘ले फ्रीक’ हें गाणें झालें. परंतु वाईट नमुन्यांवरून सबंध प्रकाराचा न्याय करावयाचा, हा नियम रॉकला लावला तर आमच्या बंधूंच्या यादींत अठरा गाणीं उरतील काय? आमच्या नाट्यसंगीताला लावला तर?

सोंवळेपणाची ही रीति आम्हांस अपरिचित नाहीं. १९४० सालीं आकाशवाणीनें हार्मोनियम बाहेर घातली व तीस वर्षें आंत येऊं दिली नाहीं. १९५२ सालीं नभोवाणी खातें बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या आपल्याच एका विद्वान् मराठी गृहस्थाकडे आलें, आणि त्यांच्या कारकीर्दींत सिनेमाचीं गाणीं सरकारी केंद्रांवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. हेतु उदात्त होता. शास्त्रीय संगीत लोकांच्या कानीं पडावें. लोकांनीं यंत्राची सुई फिरवून सिलोन लावलें. अखेर १९५७त सरकारासच विविध भारती काढावी लागली. केसकरांनीं कांहीं जाळलें नाहीं, एवढा फरक आम्ही मान्य करतों. त्यांची चूक तीच, जी आमच्या बंधूंच्या टीपेंत आहे: आपल्याला जें आवडत नाहीं तें संगीतच नव्हे, असें ठरवून तें यादीबाहेर ठेवणें.

आणि हा वाद केवळ परक्यांचा आहे असेंही नाहीं. १९७४ सालीं इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत पहिलें ठरलेलें ‘कुंग फू फायटिंग’ ज्यानें निर्माण केलें तो बिद्दू बंगळूरचा. मुंबईंत गिटार वाजवून मग लंडनला गेलेला. तें गाणें तबकडीच्या मागच्या बाजूस घालण्यासाठीं घाईघाईंत उरकलें होतें. त्याच बिद्दूनें १९८०त ‘कुर्बानी’ चित्रपटासाठीं नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या मुलीकडून ‘आप जैसा कोई’ म्हणवून घेतलें. आज त्या यादीवर संस्कार करणाऱ्या मंडळींपैकीं दोघे तरी त्या गाण्यावर शाळेच्या संमेलनांत नाचले आहेत. त्यांचीं नांवें आम्ही येथें देत नाहीं.

शिकागोंत काय झालें तें सांगावयाचें राहिलें. विन्स लॉरेन्स यानें पुढें यंत्रें जमवून जेसी साँडर्स याच्याबरोबर १९८४त ‘ऑन अँड ऑन’ ही तबकडी काढली. हाउस या प्रकाराची ती पहिली तबकडी मानली जाते, आणि तो प्रकार डिस्कोच्याच राखेंतून, त्याच शहरांतील नाचघरांत उगवला. कॉमिस्की पार्क १९९१त पाडण्यांत आलें. व्हाइट सॉक्सनीं मात्र २०१९च्या जूनमध्यें त्या होळीच्या चाळिसाव्या वर्षाचें स्मरण म्हणून आलेल्या पहिल्या दहा हजार प्रेक्षकांस सदरे वांटले, आणि सामन्याचा आरंभींचा चेंडू डालच्या हस्तें टाकविला. म्हणजे ज्यांना वाटतें कीं हें सारें जुनें झालें, आतां त्याचा उल्लेख कशाला, त्यांनीं तो प्रश्न आमच्याऐवजीं तिकडे विचारावा.

आम्हीं मंडळाकडे एक लेखी सूचना पाठविली आहे. यादींतील अठरा गाणीं तशींच राहूं द्यावीं. त्यांच्या आधीं, प्रास्ताविक भाषण न करतां, ‘गुड टाइम्स’ हें आठ मिनिटांच्या मूळ स्वरूपांत सबंध वाजवावें, आणि मधल्या भागांत जेव्हां केवळ ढोल व खर्ज उरतात तेव्हां सभागृहांतील दिवे लावून ठेवावे, म्हणजे कोणाचे पाय हलतात हें सर्वांस दिसेल. त्यानंतर ‘आय विल सर्व्हाइव्ह’ एखाद्या विद्यार्थ्यानें किंवा विद्यार्थिनीनें स्वतः म्हणावें. उच्चार कोणीही तपासूं नयेत. वही आम्ही देऊं. रेघ कोठें आहे तें तींत स्पष्ट दिसतें. मंडळाच्या चिटणीसानें सूचना पोंचल्याचें कळविलें आहे, व ध्वनिवर्धकाची व्यवस्था काय, असें विचारलें आहे. ती आमच्या घरून होईल.